फुटवॉलचा क्रॉसकट: धूळ आणि हवेच्या नोंदी

८ जानेवारी २०२४

तिसऱ्या लेव्हलवरच्या (खाणीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या) फुटवॉल क्रॉसकटमधली, म्हणजे खनिजाच्या थराखालच्या दगडातून काढलेल्या आडव्या बोगद्यातली, धूळ कमी करण्याचं काम आजपासून माझ्याकडे. खाण मँगनीजची, भूमिगत, नागपूर-भंडारा पट्ट्यातली. खनिज काढायचं ते स्टोपमधून, म्हणजे खनिजातच खोदलेल्या पोकळीतून; पण स्टोपपर्यंत पोहोचायला फुटवॉलच्या दगडातून रस्ते काढावे लागतात आणि तो दगड म्हणजे क्वार्ट्झ-मायका शिस्ट. खनिजापेक्षा या दगडाचीच मला जास्त काळजी आहे. त्यातलं क्वार्ट्झ म्हणजे स्फटिक सिलिका. ड्रिलच्या टोकाखाली ते भरडलं जातं आणि त्यातला सर्वांत बारीक भाग थेट फुफ्फुसाच्या तळापर्यंत जातो.

मेन फॅन जमिनीवर, रिटर्न शाफ्टच्या (वापरलेली हवा बाहेर नेणाऱ्या उभ्या विवराच्या) तोंडाशी. तो उत्तम चालतो. शाफ्टची हवा, लेव्हलची हवा, रजिस्टरात सगळं नीट. पण क्रॉसकट एका बाजूने बंद. मेन फॅनची हवा त्याच्या तोंडावरून निघून जाते, आत वळत नाही. आत हवा न्यायची तर वेगळा ऑक्झिलरी (मदतीचा) फॅन आणि डक्ट, म्हणजे हवेची मोठी नळी, लागतो, आणि खाणीतल्या हवेचा खरा हिशेब त्या डक्टच्या शेवटच्या टोकाला होतो. मी सुरुवात तिथूनच करणार आहे.

११ जानेवारी

पहिल्या पाळीत खाली. क्रॉसकट साधारण २.४ बाय २.४ मीटरचा, म्हणजे क्षेत्रफळ जेमतेम ५.८ चौरस मीटर. लांबी सध्या ४० मीटरच्या आसपास. डक्ट ४५० मिलिमीटरचा, कापडी, दोन ठिकाणी फाटलेला, एका वळणावर दुमडलेला. शिवाय फेसपासून (क्रॉसकटच्या आतल्या टोकापासून, जिथे खोदकाम चालतं) बराच मागे संपलेला, कारण ब्लास्टिंगमध्ये फाटतो म्हणून ड्रिलर तो मागे गुंडाळून ठेवतात आणि नंतर पुढे ओढायचं राहून जातं.

फेसजवळ हवेचा वेग मोजणारा व्हेन ॲनिमोमीटर धरला तर पंखा फिरेचना. सेकंदाला पाव-अर्ध्या मीटरपेक्षा वेग कमी असला की या उपकरणाचा भरवसा नसतो. मग धुराची नळी काढली. फेसला सोडलेला धूर जागच्या जागी घुटमळला, हळूहळू छताला चिकटला, तिथेच राहिला. ड्रिलर ज्या उंचीवर तोंड करून उभा असतो, बरोबर त्याच उंचीला.

मेट, म्हणजे टोळीचे मुकादम, म्हणाले, “मॅडम, इथं असंच असते. बार उडवल्यावर अर्धा घंटा बसतो आमी बाहेर, मंग जातो.”

अर्ध्या तासात ठसका लावणारी जाड धूळ खाली बसते. घातक धूळ बसत नाही. क्वार्ट्झचा २ मायक्रॉनचा कण स्थिर हवेत सेकंदाला मिलिमीटरचा एक-तृतीयांश भाग एवढाच खाली येतो. दोन मीटर उंचीवरून जमिनीला टेकायला त्याला दीड तासाहून जास्त लागतो, तोही हवा जराही हलली नाही तर. डोळ्यांना स्वच्छ दिसणारा क्रॉसकट प्रत्यक्षात भरलेला असू शकतो. मेटना हे सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, “मंग दिसत नाई ते मोजता कसं?”

१७ जानेवारी

मोजतो ते असं. ड्रिलरच्या पट्ट्याला छोटा पंप, कॉलरजवळ सायक्लोन आणि त्याच्या आत आधी वजन केलेला फिल्टर. सायक्लोन जाड कण गाळून टाकतो आणि फुफ्फुसात खोल जाणारे बारीक कण तेवढे फिल्टरवर पोहोचतात. पंप मिनिटाला २.२ लिटर हवा ओढतो. आठ तासांत एक घनमीटरपेक्षा थोडी जास्त. पाळी संपली की फिल्टर पुन्हा तोलायचा, मग प्रयोगशाळेत सिलिकाचं प्रमाण काढायचं.

१९६१ च्या मेटॅलिफेरस (धातुखनिज) खाण विनियमांतलं सूत्र सोपं आहे: १५ ला धुळीतल्या मुक्त सिलिकाच्या टक्केवारीने भागायचं, येईल तेवढे मिलिग्रॅम प्रति घनमीटर ही आठ तासांच्या सरासरीची मर्यादा. सिलिका १५ टक्के असेल तर मर्यादा १ मिलिग्रॅम, ३० टक्के असेल तर अर्धा. एक मिलिग्रॅम म्हणजे साखरेचा एक दाणा. अख्ख्या पाळीत माणसाच्या श्वासाच्या टापूतून ओढलेल्या घनमीटरभर हवेत तेवढीच धूळ चालते, त्याहून जास्त नाही.

ड्रिलरदादांनी पंप लावून घेतला, पण त्यांच्या चेहऱ्यावर शंका होती. आपण किती काम करतो हे मोजायला हे लावलं, असं त्यांना वाटलं होतं. फिल्टर उघडून दाखवला, कशासाठी आहे ते सांगितलं, मग मोकळे झाले. पुढच्या वेळेपासून हे आधी दाखवायचं, पंप नंतर बांधायचा.

२४ जानेवारी

हवेचं गणित. फेसजवळ सेकंदाला निदान अर्धा मीटर वेग हवा असं धरलं तर ५.८ चौरस मीटरला सेकंदाला २.९ घनमीटर हवा लागते. एवढी हवा ४५० च्या डक्टमधून न्यायची तर आत वेग १८ मीटरच्या वर जातो. ६०० च्या डक्टमध्ये तोच वेग १० च्या थोडा वर.

फरक वेगापुरताच नाही. तेवढीच हवा नेताना डक्टमधला दाब-ऱ्हास (घर्षणाने होणारी दाबाची घट) व्यासाच्या पाचव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. व्यास ४५० वरून ६०० केला तर तो एक-चतुर्थांशापेक्षाही कमी होतो. म्हणजे फॅन बदलायची गरज नाही, डक्ट बदलला तरी पुरे. मोठ्या फॅनची मागणी आपल्याकडे लगेच होते, कारण फॅन दिसतो आणि त्याचा आवाज येतो. डक्टकडे कुणी बघत नाही. पण फाटक्या, अरुंद डक्टला मोठा फॅन जोडला की हवा त्या फाटक्या जागांतूनच जास्त जोराने बाहेर पडते.

वर्कशॉपच्या फोरमनसाहेबांशी बोलले. त्यांचा सल्ला कापडी डक्ट न घेता जीआय (जस्त चढवलेल्या) पत्र्याचा करावा, तुकडे नटबोल्टने जोडावेत, मध्ये रबर पॅकिंग घालावं. “उद्या हवा उलटी ओढायची ठरली तर कापड आत चिपकते. पत्रा टिकते.” हे मनात ठेवते.

२ फेब्रुवारी

आज फक्त पाणी. हवेआधी पाणी, हा क्रम मी सोडणार नाही. धूळ एकदा हवेत गेली की तिच्यामागे धावायचं. ती जिथे तयार होते तिथेच ओली केली तर बरीच हवेत जातच नाही.

जॅकहॅमरला पाण्याची नळी आहे. पोकळ रॉडमधून पाणी भोकाच्या तळाशी जातं आणि चुरा गाळ होऊन बाहेर येतो. ही युक्ती १८९० च्या दशकातली, कोलोरॅडोतल्या जॉर्ज लेनर यांची. त्याआधीच्या कोरड्या ड्रिलला अमेरिकेतले खाणकामगार बायकांना विधवा करणारं यंत्र म्हणायचे. युक्ती हाताशी असूनही १९३०-३१ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या हॉक्स नेस्ट बोगद्यात जवळजवळ शुद्ध सिलिकाच्या दगडात कोरडं ड्रिलिंग झालं आणि शेकडो कामगार सिलिकोसिसने, म्हणजे सिलिकाच्या धुळीने होणाऱ्या फुफ्फुसाच्या आजाराने, मेले. त्यांतले बहुतेक काळे मजूर होते, कामाच्या शोधात दक्षिणेतून आलेले. व्यावसायिक प्रशिक्षण केंद्रात मी हे दर वेळी सांगते.

आपल्याकडे नळी आहे, पण पाण्याचा दाब नाही. वरच्या टाकीपासून येणाऱ्या लाइनवर तीन ठिकाणी गळती, शेवटच्या जोडावर गाळ. पाणी थेंबथेंब. ड्रिलर म्हणाले, “पानी लावलं का मशीन ढिली पडते मॅडम, अन् पाइपात पानीच नाई त काऊन लावाव?” त्यांचं म्हणणं खरं आहे. कमी दाबाचं पाणी भोकाचा चुरा बाहेर काढू शकत नाही, रॉड अडकतो, वेळ जातो. पंप खलाशांना सोबत घेऊन लाइन साफ केली, गळत्या बंद केल्या, क्रॉसकटच्या तोंडाशी गाळणी बसवली.

दोन नियम ठरले. भोक सुरू करताना आधी पाणी, मग हवा; कारण पहिल्या काही सेंटिमीटरलाच सगळ्यात जास्त धूळ तोंडावर उडते. आणि भोक साफ करायला कॉम्प्रेस्ड हवेचा फवारा मारायचा नाही, कधीच नाही. नुकत्याच फुटलेल्या सिलिकाचा पृष्ठभाग जुन्या धुळीपेक्षा जास्त विषारी असतो आणि त्या फवाऱ्याने तीच धूळ थेट चेहऱ्यावर येते.

९ फेब्रुवारी

क्रॉसकटच्या तोंडाशी धूर सोडला. बाहेर येणारा धूर लेव्हलच्या मुख्य प्रवाहात मिसळून रिटर्नकडे जायला हवा होता. त्यातला काही वळून ऑक्झिलरी फॅनच्या तोंडात शिरला. फॅन जंक्शनच्या अगदी कडेला बसवलेला आहे. म्हणजे आतली धूळ बाहेर येते, फॅन तीच ओढून पुन्हा आत पाठवतो, आणि रजिस्टरात मात्र डक्टमधून हवा जाते असं दिसतं.

फॅन हवेच्या येण्याच्या दिशेला निदान ५ मीटर मागे न्यायचा. लेव्हलच्या मुख्य प्रवाहात फॅन ओढतो त्यापेक्षा जास्त हवा आहे हेही मोजलं. नसती तर फॅन कुठेही ठेवला तरी हवा उलट फिरलीच असती.

२० फेब्रुवारी

आजची नोंद थोडी बाजूची, पण हवेचीच.

डोंगरात उघडणारं जुनं अॅडिट (आत येण्याचा आडवा बोगदा) अजून दुसऱ्या लेव्हलला जोडलेलं आहे. त्याच्या स्टॉपिंगला, म्हणजे हवा अडवणाऱ्या भिंतीला, भेग आहे. सकाळी सातला तिथे धूर धरला तर तो बाहेर गेला, दुपारी तीनला धरला तर आत आला. थंडीच्या सकाळी खाणीतली हवा बाहेरच्यापेक्षा उबदार आणि हलकी असते, म्हणून वर चढते. दुपारी बाहेरची हवा तापली की उलट होतं. शंभर मीटर खोलीसाठी हा नैसर्गिक दाब फार तर ५०-६० पास्कल, पण चुकीच्या जागी तेवढाही पुरतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि पुन्हा ऑक्टोबरमध्ये बाहेरचं आणि आतलं तापमान जवळ येतं तेव्हा हवा काही काळ थांबतेच. ज्या छोट्या खाणी केवळ नैसर्गिक हवेवर चालायच्या, तिथे वर्षातले हे दिवस सगळ्यात वाईट जात असणार.

स्टॉपिंगची भेग बुजवायला सांगितली आहे.

५ मार्च

६०० चा पत्र्याचा डक्ट चढला. फॅन मागे गेला. हवा फेसला ढकलायची अशी मांडणी, डक्टचं तोंड फेसपासून सुमारे १० मीटरवर. फेसला धूर सोडला आणि तो लगेच वळून बाहेरच्या दिशेने निघाला. ॲनिमोमीटर फिरला. ड्रिलरदादा फेससमोर उभे राहून म्हणाले, “आता गार लागून राह्यलं.”

ब्लास्टिंगनंतर किती थांबायचं याचाही हिशेब आता करता येतो. ४० मीटर क्रॉसकटमध्ये सुमारे २३० घनमीटर हवा मावते. मिनिटाला १७० च्या आसपास ताजी हवा शिरली तर दीड मिनिटाच्या आत एक पूर्ण बदल. पूर्ण मिसळण धरली तर पाच बदलांत मूळ धुळीचा शंभरावा भागही उरत नाही. प्रत्यक्षात कोपऱ्यांत हवा अडकते, म्हणून आम्ही थांबण्याची वेळ अर्ध्या तासावरून कमी केलेली नाही. फरक एवढाच की आता त्या अर्ध्या तासात हवा खरोखर बदलते.

ब्लास्टिंग दुसऱ्या पाळीच्या शेवटी होतं. २०१९ च्या अधिसूचनेने महिलांना भूमिगत खाणीत तांत्रिक आणि देखरेखीच्या कामाला परवानगी मिळाली, ती सकाळी ६ ते संध्याकाळी ७ या वेळेत. त्यामुळे ब्लास्टिंगनंतरची मोजणी फोरमन करतात आणि मी सकाळी त्यांच्या नोंदी बघते. आजची नोंद त्यांनी फार नेटकी ठेवली होती, धूर कुठल्या कोपऱ्यात रेंगाळला त्याच्या चित्रासकट.

१२ मार्च

फेस साफ झाला, धूळ मात्र दुसऱ्यांच्या वाट्याला गेली. फेसवरून परतणारी सगळी हवा क्रॉसकटभर वाहत बाहेर येते आणि त्याच वाटेवर ट्रॅमर, म्हणजे माल वाहणारे कामगार, टब (मालाच्या छोट्या गाड्या) ढकलत असतात. आज त्यांना पंप लावला. संध्याकाळी फिल्टर नुसता पाहूनही कळत होतं. ड्रिलरची धूळ उचलून ट्रॅमरला दिली, याला मी धूळ-नियंत्रण म्हणणार नाही.

शिवाय ढकललेल्या हवेचा झोत ज्या मालाच्या ढिगावर आदळतो तो कोरडा असला की तिथली बसलेली धूळ पुन्हा उठते. हवेचा वेग वाढवत गेलं की धूळ आधी पातळ होते, पण साधारण सेकंदाला दोन मीटरच्या पुढे वारा स्वतःच धूळ उचलू लागतो. म्हणून माल भरण्याआधी ढीग, भिंती आणि छत धुवायचं, आणि भरताना पुन्हा फवारा मारायचा. हे आजपासून मेटच्या जबाबदारीत.

हवा ओढून घेण्याच्या पद्धतीत धूळ डक्टमधून थेट रिटर्नला जाते, माणसांच्या अंगावरून नाही. अडचण एकच: फुंकर लांब जाते, ओढ जात नाही. डक्टमधून ढकललेल्या हवेचा वेग एक-दशांश व्हायला व्यासाच्या सुमारे तीसपट अंतर लागतं. ओढणाऱ्या तोंडासमोर तो एका व्यासाच्या अंतरावरच एक-दशांश होतो. ओढायचं तोंड फेसला चिकटवून ठेवलं तर पहिल्याच ब्लास्टमध्ये त्याचा चुरा होईल.

उपाय दोन्ही मिळून. मोठ्या डक्टने ओढायचं, आणि एक छोटा फॅन ताजी हवा घेऊन फेसवर मारेल. वर्कशॉपच्या फोरमनसाहेबांचा पत्रा आता कामी येणार.

२६ मार्च

काल धुळवडीची सुट्टी. आज हजेरी कमी. डक्टचे कंस बसवले, बाकी काही नाही.

३ एप्रिल

नवी मांडणी चालू. ६०० चा डक्ट आता ओढतो, तोंड फेसपासून सुमारे १५ मीटरवर, धूळ थेट रिटर्नमध्ये सोडतो. छोटा फॅन त्या तोंडाच्या मागे, बाहेरच्या बाजूला, दहा मीटरवर. तिथली ताजी हवा घेऊन लहान डक्टने फेसवर मारतो. ओढ सेकंदाला ३ घनमीटर, फुंकर १.८. हा फरक जपायचा. दोन डक्ट जिथे समांतर चालतात त्या पट्ट्यात हवा आतल्या दिशेनेच सरकत राहिली पाहिजे. फुंकर ओढीपेक्षा जास्त झाली की धूळ तोंड ओलांडून मागे, माणसांकडे येते. म्हणून छोट्या फॅनला मोठ्याशी विजेने बांधलं आहे: मोठा बंद पडला तर छोटा आपोआप बंद.

धुराने तपासलं. ट्रॅमरच्या वाटेवर आता ताजी हवा आत येताना लागते.

१० एप्रिल

काल पाडवा. आज खनिजाच्या चुटीकडे (खनिज खाली सोडण्याच्या घसरणीकडे) पाहिलं. तिथे सिलिका कमी, मँगनीज जास्त, धोका वेगळा. ग्लासगोमध्ये मँगनीज दळणाऱ्या कामगारांच्या पायांतली शक्ती गेली, चाल बिघडली, बोलणं अस्पष्ट झालं, हे जॉन कूपर यांनी १८३७ मध्ये नोंदवलं होतं. धूळ फुफ्फुसातून रक्तात, रक्तातून मेंदूत. कंपवातासारखा हा आजार कामगार म्हातारपणावर ढकलतात. चुटीवर पाण्याचे बारीक फवारे लावायचे. मोठ्या थेंबाच्या बाजूने बारीक कण हवेबरोबर निसटतात, म्हणून थेंबाचा आकार कणाच्या आकाराच्या जितका जवळ तितकी पकड चांगली.

१८ एप्रिल

बाहेर ४२ च्या पुढे. या दिवसांत धूळ वाढते, आणि त्याचं कारण आत येणारी हवा. विदर्भातला उन्हाळा कोरडा. ती तहानलेली हवा शाफ्टमधून उतरते आणि लेव्हलची जमीन, ढीग, भिंती यांतलं पाणी पिऊन टाकते. सकाळी ओला केलेला रस्ता दुपारपर्यंत कोरडा ठणठणीत.

पाणी वाढवलं तर फेसला उकाडा वाढतो. ओल्या बल्बचं (ओलं फडकं गुंडाळलेल्या थर्मामीटरचं) तापमान ३३.५ अंशांच्या वर जाऊ द्यायचं नाही, आणि ३०.५ च्या वर गेलं तर हवेचा वेग सेकंदाला निदान एक मीटर हवा. आपण त्या आकड्यांच्या बरेच खाली आहोत, पण दमटपणा मोजणाऱ्या फिरकी हायग्रोमीटरची नोंद आता रोज. मे महिन्यात पाणी कमी करून उकाडा घालवायचा सोपा विचार कुणाच्या तरी मनात येणार. तसं करायचं नाही, हवा वाढवायची.

२० एप्रिल

काल लोकसभेचं मतदान, खाण बंद. ऑक्झिलरी फॅन बंद होते, क्रॉसकटला आडवी पट्टी आणि फलक लावलेला. सकाळी आधी फॅन, मग बाहेरून हवा तपासून आत. दोन तरुण ट्रॅमर घाई करत होते. मेटनी त्यांना थांबवलं, मला बोलावं लागलं नाही.

६ मे

प्रयोगशाळेचे अहवाल आले. जानेवारीतल्या ड्रिलरच्या नमुन्यात सिलिका २० टक्क्यांच्या घरात, म्हणजे मर्यादा पाऊण मिलिग्रॅम. धूळ त्याच्या बरीच वर होती. एप्रिलचे ड्रिलर आणि ट्रॅमर दोघांचेही नमुने मर्यादेच्या आत. एक नमुना मात्र काठावर, आणि तो ज्या पाळीत पाण्याची लाइन तासभर बंद होती त्या पाळीचा आहे. हवा तीच होती, डक्ट तोच होता.

मास्कबद्दल आज बैठकीत विचारणा झाली. मास्क द्यायचेच, नीट बसणारे, पण शेवटी. दमट उकाड्यात जॅकहॅमर धरून आठ तास मास्क चढवून ठेवणं किती कठीण आहे हे खाली उतरलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. मास्क दिला म्हणून डक्ट मागे राहिला तरी चालतं, असा विचार मी होऊ देणार नाही.

सिलिकोसिस बरा होत नाही. फुफ्फुसातल्या भक्षक पेशी कण गिळतात, त्यातच मरतात, कण पुन्हा मोकळा होतो, आणि प्रत्येक फेरीत थोडा व्रण वाढतो. माणूस खाण सोडून घरी बसला तरी हे चालू राहतं, आणि क्षयरोगाचा धोका वाढतो तो वेगळाच. खाण कायद्याखाली हा अधिसूचित आजार आहे. वैद्यकीय तपासणी निदान दर पाच वर्षांनी आणि छातीचा एक्स-रे त्यात असतो. निवृत्त झालेल्यांची तपासणी कोण करतं, हे मी बैठकीत विचारलं. इतिवृत्तात घ्यायला लावलं.

२४ मे

क्रॉसकटमधल्या बदलांचं रूपांतर आता सवयीत करायचं आहे. लेखी सूचना मराठी आणि हिंदीत लॅम्प रूमच्या भिंतीवर लावल्या: फुंकरीच्या डक्टचं तोंड फेसपासून ८ मीटरपेक्षा मागे राहू नये, ओढीचं १५ पेक्षा, तुकडा चढवल्याशिवाय पुढची भोकं आखू नयेत, पाणी बंद तर ड्रिलिंग बंद. शेवटच्या सूचनेवर उत्पादन विभागाचा आक्षेप आला होता. व्यवस्थापकांनी सही केली.

मेट आता धुराची नळी स्वतः वापरतात. दर पाळीच्या सुरुवातीला फेसला, तोंडाशी आणि दोन डक्टच्या मधल्या पट्ट्यात, तीन जागी.

चौथ्या लेव्हलवरचा क्रॉसकट पुढच्या आठवड्यात सुरू होतो. तिथे लेव्हलची मुख्य हवा अजून पुरेशी नाही. रेग्युलेटर (हवेची वाटणी ठरवणारी खिडकी) आधी बदलावा लागेल, ऑक्झिलरी फॅन त्यानंतर. पत्र्याच्या तुकड्यांची मागणी आज वर्कशॉपला दिली.